प्रिन्सिपल : शेवटी ‘ए एल’ की ‘एल ई’?

मैत्रिणींनो, मुलाला ताप आलाय आणि शाळेत रजेची चिठ्ठी द्यायची आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची. ‘टू, द’ इथपर्यंत लिहून होतं आणि पेन थांबतं. ‘प्रिन्सिपल’च्या शेवटी ‘ए एल’ की ‘एल ई’? मग ‘जाऊ दे, संध्याकाळी हे आले की लिहितील,’ म्हणून कागद बाजूला पडतो. दोन अक्षरांपायी आपलं काम दुसऱ्यावर कशाला टाकायचं? आज हा गुंता सोडवूनच टाकू या.

गंमत अशी की दोन्ही स्पेलिंगं बरोबर आहेत! शब्द दोन, उच्चार मात्र एकच. आपल्याकडे नाही का, ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब? बोलताना फरक फारसा कळत नाही. लिहिताना अर्थ पाहूनच वेलांटी द्यावी लागते. हेही तसंच.

‘पी आर आय एन सी आय पी’ इथपर्यंत दोन्ही शब्द सारखे. पुढे ‘ए एल’ आलं, तर अर्थ ‘मुख्य’. शाळेचे मुख्याध्यापक, कॉलेजचे प्राचार्य यांना हाच शब्द. आणि पुढे ‘एल ई’ आलं, तर अर्थ ‘तत्त्व’ किंवा ‘नियम’. म्हणजे चिठ्ठीवर ‘एल ई’ लिहिलं, तर ती ‘माननीय तत्त्व महोदय’ यांच्या नावे जाणार!

दोन्ही शब्दांचं मूळ लॅटिन भाषेत आहे आणि त्या मुळाचा अर्थ ‘पहिला’. जो पहिला तो मुख्य झाला आणि ज्यापासून विचाराची सुरुवात होते, ते तत्त्व झालं. म्हणून तर ही जुळी भावंडं इतकी सारखी दिसतात.

लक्षात ठेवायला दोन सोप्या खुणा सांगते. इंग्रजी अक्षरांत ‘ए’ पहिला, शाळेतही मुख्याध्यापकांचा मान पहिला. म्हणून तिथे ‘ए एल’. नियमाला इंग्रजीत ‘रूल’ म्हणतात. त्याच्या शेवटी ‘एल ई’, म्हणून तत्त्वाच्या शेवटीही ‘एल ई’.

हा शब्द बँकेच्या कागदावरही भेटतो, बरं का. घराच्या कर्जाच्या तक्त्यात ‘प्रिन्सिपल’ आणि ‘इंटरेस्ट’ असे दोन रकाने असतात. हा ‘ए एल’वाला प्रिन्सिपल म्हणजे मुद्दल, मुख्य रक्कम. लांब मुदतीच्या कर्जात सुरुवातीच्या हप्त्यांतला बराचसा पैसा व्याजातच जातो. दर महिन्याला मुद्दल नेमकं किती फिटलं, हे त्या रकान्यात आपलं आपल्याला पाहता येतं. घर दोघांचं, तर हा कागदही दोघांनी वाचायला हवा, नाही का?

आता शब्द तपासायचा कसा? मोबाइलवर विसंबू नका. चुकीचं स्पेलिंग असलं की तो खाली लाल रेघ ओढतो. पण इथे दोन्ही शब्द खरे, त्यामुळे तो बहुधा गप्पच राहतो. मुलांचा शब्दकोश घ्या. हे दोन्ही शब्द जवळजवळच सापडतील. नुसतं स्पेलिंग पाहून कोश मिटू नका. अर्थ वाचा, खाली उदाहरणाचं वाक्य असेल तर तेही वाचा. आपल्याला हवा तो अर्थ जिथे, तेच आपलं स्पेलिंग.

‘स्टेशनरी’चंही असंच आहे. वह्या, पेन्सिली, पाकिटं हवी असतील, तर शेवटी ‘ई आर वाय’. ‘एन्व्हलप’ म्हणजे पाकीट, तेही ‘ई’नेच सुरू होतं. ‘ए आर वाय’ लिहिलं, तर अर्थ होतो ‘एका जागी स्थिर’.

हिशेबाच्या वहीचं शेवटचं पान अशा शब्दांसाठी राखून ठेवा. शब्द अडला की अर्थासकट तिथे टिपायचा. मुलंही हळूच त्या पानात डोकावू लागतील. आणि रजेची चिठ्ठी? ती आता तुमच्याच अक्षरात, तुमच्याच सहीने जाऊ द्या!