चाकांवरचें बिऱ्हाड

नोकरीचें ओझें उतरलें, मुलें मार्गीं लागलीं, डोक्यावर कर्ज उरलें नाहीं आणि हातपाय मात्र अजून धड आहेत, अशा अवस्थेला पोंचलेल्या पतिपत्नींनीं पुढील दहा-पंधरा वर्षें काय करावें, हा प्रश्न आतां घरोघर उभा आहे. आपल्याकडे त्याचीं उत्तरें बहुधा ठरलेलीं असतात: नातवंडें, देवदर्शन, सकाळचें फिरणें, वर्तमानपत्र व संध्याकाळचा कट्टा. ह्या उत्तरांची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. त्यांतील पहिलें उत्तर तर फारच गोड आहे. परंतु ऑस्ट्रेलिया देशांतील पुष्कळ वृद्ध जोडप्यांनीं ह्याच प्रश्नास जें निराळें उत्तर शोधिलें आहे, त्याची हकीकत आज आम्हांस वाचकांपुढें मांडावयाची आहे. मेलबर्न-सिडनीस मुलांकडे चार-सहा महिने राहून आलेल्या आपल्या वडील मंडळींनीं एखाद्या शेजाऱ्याच्या अंगणांत उभें असलेलें पांढरें, चाकांचें घर पाहिलें असेल, व हें कशासाठीं म्हणून विचारलेंही असेल.

तिकडे ह्या मंडळींस ‘ग्रे नोमॅड्स’ म्हणतात; ‘पिकल्या केसांचे भटके’ असें त्याचें मराठी करतां येईल. मोटारीच्या मागें जोडून ओढावयाच्या घरास कॅरॅव्हॅन हें नांव आहे. आपल्या एखाद्या मध्यम स्वयंपाकघराएवढ्या जागेंत दोघांचा बिछाना, गॅसची शेगडी, लहानसा फ्रीज, भांडीं घासण्याची मोरी आणि जेवणाचें मेज हें सर्व बसविलेलें असतें. पोटाखालीं पाण्याच्या टाक्या आणि छपरावर उन्हावर वीज करणारे सौर पत्रे. दाराबाहेर कनात ताणली कीं ओसरी तयार! त्या देशांत ऋतु आपल्या उलट. जून ते ऑगस्ट हा दक्षिणेकडील थंडीचा काळ. तेव्हां हीं जोडपीं पाखरांप्रमाणें उत्तरेच्या उबदार मुलखांत, म्हणजे क्वीन्सलंड, डार्विन, ब्रूम ह्या बाजूंस जातात, आणि नोव्हेंबरच्या सुमारास तिकडील पावसाळा सुरू होण्यापूर्वीं दक्षिणेस परततात. कांहीं जण ह्याहून मोठा बेत करितात. सबंध खंडाला वळसा घालणारा ‘हायवे वन’ नांवाचा एक राजमार्ग आहे. त्याची लांबी सुमारें १४,५०० किलोमीटर. नर्मदामाईला उजव्या हातीं ठेवून परिक्रमा करणाऱ्यांच्या देशांतील माणसाला ह्यांत अपूर्व असें कांहीं वाटूं नये. फरक इतकाच कीं, आपला परिक्रमावासी संसार मागें ठेवून निघतो, आणि हे लोक संसार मागें बांधून निघतात.

हौसेखातर असें घर करवून घेणारा पहिला प्रसिद्ध गृहस्थ म्हणजे डॉ. गॉर्डन स्टेबल्स. इंग्रजी आरमारांतील वैद्यकी सोडून पुढें मुलांसाठीं साहसकथा लिहिणारा हा स्कॉच मनुष्य. त्यानें १८८५ सालीं ब्रिस्टलच्या कारखान्यांत ‘वाँडरर’ नांवाची दोन घोड्यांची गाडी बांधविली व तींतून इंग्लंडपासून स्कॉटलंडपर्यंत प्रवास केला. बरोबर सारथी होता, चाकर होता, कुत्रा होता व एक काकाकुवाही होता. आजच्या ऑस्ट्रेलियन जोडप्याजवळ कुत्रा कदाचित् असेल. सारथी व चाकर हीं दोन्हीं पदें मात्र त्या दोघांनींच वांटून घ्यावयाचीं असतात. आमचें लक्ष ह्या वांटणीकडेच विशेष वेधलें आहे.

हें वाचून कोणाच्या मनांत येईल कीं, मुलांनीं टाकलेल्या आईबापांची ही वणवण दिसते. तसें मुळींच नाहीं. नाताळाला बहुतेक जण मुलांनातवंडांत असतात, आणि शाळेच्या सुटींत एखादें नातवंड येऊन चार दिवस चाकांवर राहूनही जातें. उलट, आजी-आजोबा हिंडावयास गेल्यामुळें मुलांना सांभाळण्यास कोणी उरलें नाहीं, अशी कुरकूर तरुण पिढीच करितांना ऐकूं येते! जीं जोडपीं राहतें घर विकून कायमचीं रस्त्यावर येतात, त्यांच्याविषयीं मात्र आम्हांस थोडी काळजी वाटते. पाय थकल्यावर परतावयास एक उंबरठा असावा, हें आमचें जुनें मत आहे व तें बदलण्यास आम्हांस कारण दिसलेलें नाहीं.

परंतु नुसतें पाहात हिंडल्यानें मन किती दिवस भरणार? समुद्रकिनारा सुंदर असतो, दुसराही सुंदर असतो. चाळिसाव्या किनाऱ्यावर माणूस खुर्ची टाकून डुलक्या घेऊं लागतो. येथेंच हातच्या कामाचा प्रवेश होतो. बाई रंगीत तुकड्यांच्या गोधड्या शिवते, टोप्या व मोजे विणते किंवा वाटेंत दिसलेल्या रानफुलांचीं लहान जलरंगी चित्रें काढून त्यांचीं शुभेच्छापत्रें करिते. पुरुष लांकडाचे चमचे कोरतो किंवा चांदीच्या तारेंत खडे बसवितो. खड्यांचें म्हणाल तर क्वीन्सलंडच्या अंतर्भागांत सफायर व रुबीव्हेल अशा नांवांचीं गांवेंच आहेत. तेथें परवाना काढून कोणासही खडी चाळून नशीब पाहतां येतें. (रुबीव्हेल ह्या नांवावर भुलून माणकाची आशा धरूं नये, तेथील खरें धन नीलमणीच.) जागेच्या अडचणीमुळें सर्व वस्तु लहान, हलक्या व न फुटणाऱ्या लागतात. मातीचीं भांडीं खाचखळग्यांच्या रस्त्यावर टिकत नाहींत, आणि मोठें चित्र ठेवावें तर निजावें कोठें?

तयार झालेल्या वस्तु विकावयाच्या त्या बाजारांत. तिकडे हाटाची प्रथा पुन्हां चांगली रुजलेली आहे. टास्मानियांत होबार्टच्या सॅलामंका भागांत १९७२ सालापासून शनिवारचा बाजार भरत आला आहे. क्वीन्सलंडांतील युमंडीचा बाजार १९७९ सालचा, आणि विक्रेत्यानें स्वतः केलेलें, भाजलेलें, शिवलेलें किंवा पिकविलेलें तेंच तेथें आणावें, असें त्याचें ब्रीद. डार्विनला मिंडिल किनाऱ्यावर १९८७ पासून कोरड्या ऋतूंत सूर्यास्ताच्या वेळीं बाजार मांडतात. अशा नांवाजलेल्या ठिकाणीं मात्र वाटसरूस सहजीं जागा मिळत नाहीं. त्याचा खरा आधार म्हणजे लहान गांवांतील महिन्याचा बाजार. तो बहुधा रोटरी किंवा लायन्ससारखी एखादी संस्था किंवा शाळेचे पालक भरवितात. एक घडीचें मेज, एक छत्री, थोडें भाडें आणि अपघाताच्या जबाबदारीचा विमा, एवढें असलें कीं काम भागतें. त्या बाजारांत नवख्याला गांवाची सारी खबर दोन तासांत मिळते: डॉक्टर कोठें बसतो, कोणत्या विहिरीचें पाणी खारट आहे, आणि पुढील पुलावर पाणी चढलें आहे काय. ओळखीपाळखी होतात त्या येथेंच. आमच्या समजुतीप्रमाणें पुष्कळांच्या बाबतींत गल्ल्यांतील पैशांपेक्षां हाच लाभ मोठा असतो.

पैशांचा प्रश्न अगदींच गौण नाहीं. वृद्धांस सरकारी निर्वाहवेतन देण्याचा कायदा त्या देशांत १९०८ सालीं झाला व १९०९ पासून तें मिळूं लागलें. आतां त्यासाठीं वयाचीं ६७ वर्षें भरावीं लागतात. मिळकत वाढली कीं वेतन घटतें. परंतु स्वकष्टाच्या कमाईपैकीं कांहीं रक्कम हिशेबांत न धरण्याची सवलत आहे, व २०१९ पासून ती स्वतंत्र धंदा करणाऱ्यांसही लागू झाली. तेव्हां गोधड्या विकून कोणी श्रीमंत होत नाहीं. पुढच्या गांवापर्यंतचें डीझेल सुटलें तरी बाजार चांगला झाला म्हणावयाचें.

ह्या साऱ्या उद्योगांतील सर्वांत अवघड क्षण आमच्या मतें किंमतीची चिठ्ठी लिहिण्याचा. जिनें चाळीस वर्षें घरच्यांसाठीं फुकट विणलें, तिचा हात त्या चिठ्ठीवर अडखळतो. लोकरीचा भाव तिला ठाऊक असतो. स्वतःच्या तासांचा भाव तिला कोणीं कधीं सांगितलेला नसतो. मग ती लोकरीचीच किंमत लिहून मोकळी होते आणि शेजारच्या मांडवांतील बाईच्या पोटावर नकळत पाय देते. कारण ती बाई त्याच विणकामावर घरभाडें भरीत असते. हळूहळू अनुभवी विक्रेते तिला समजावितात कीं, माल, वेळ, जागेचें भाडें हें सर्व धरून आकडा लिही व लिहिल्यावर खालीं पाहूं नको. आपल्या घरांतून आजीच्या हातची गोधडी, काकूंचें लोणचें, आत्याबाईंचे अनारसे ह्यांची किंमत “तुमच्या हाताला काय चव आहे!” एवढ्या नाण्यांतच आजवर चुकती झाली आहे. प्रत्येक अनारशाला चिठ्ठी लावावी, असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्या कामाची किंमत सांगतांच येत नाहीं, तें काम दिसेनासें होतें, ही गोष्ट घरांतील सुनांनाही ठाऊक आहे व मुलांनाही.

काय विकूं नये, ह्याचाही एक नियम तेथें सुजाण माणसें पाळतात. ठिपक्यांनीं भरलेलीं जीं चित्रें आज ऑस्ट्रेलियाची खूण मानलीं जातात, तीं तेथील आदिवासींचीं. पापुन्या येथें १९७१ सालापासून तीं फळ्यांवर उतरलीं व पुढें जगभर गेलीं. त्या ठिपक्यांत त्यांच्या पूर्वजांच्या कथा व जमिनीवरचा हक्क असतो. वाटसरू गोऱ्या जोडप्यानें तशीच नक्षी दगडावर रंगवून विकणें हें आम्हांस चोरीच वाटते. आपल्याकडे शहरांतल्या कारखान्यांत पेल्यांवर वारली चित्रें छापणारांनीं ह्यावर अवश्य विचार करावा.

आतां त्या वांटणीकडे वळूं. बाजारांत पतिराज पहिले कांहीं दिवस अवघडतात. ज्यांच्या मेजापुढें लोक तिष्ठत उभे राहात, ते आतां मेजामागें उभे राहून गिऱ्हाइकाची वाट पाहातात. पत्नी भाव सांगते, पैसे घेते. ते कागदांत वस्तु गुंडाळतात. उलट रस्त्यावर बहुधा तेच गाडी हांकतात, आणि मुक्कामाच्या जागीं घर मागें घेण्याची वेळ आली कीं ती खालीं उतरून हात हलवीत राहते. संसाराची परीक्षा पाहावयाची असेल तर हा प्रसंग पाहावा! मागच्या घराची पाठ डावीकडे न्यावयाची तर स्टिअरिंग प्रथम उजवीकडे फिरवावें लागतें. तो आरशांत पाहतो, ती ओरडते, दोघांचें डावें-उजवें एक होत नाहीं, आणि सारा तळ चहाचे पेले हातांत घेऊन मजा पाहतो.

ह्या विनोदाच्या पोटांत एक गंभीर गोष्ट आहे. दक्षिणेकडील नलारबॉर मैदान ओलांडतांना नॉर्समन व सेड्यूना ह्या दोन गांवांमध्यें सुमारें १,२०० किलोमीटर एकही मोठें गांव लागत नाहीं. एके ठिकाणीं तर १४६ किलोमीटरांहून अधिक रस्ता रेषेसारखा सरळ आहे. त्याच रस्त्याचे कांहीं तुकडे ठळक पट्ट्यांनीं आंखून विमान उतरण्यासाठीं राखलेले आहेत. जॉन फ्लिन नांवाच्या पाद्र्यानें १९२८ सालीं क्लोनकरी येथून वैद्याला विमानानें रोग्याकडे पाठविण्याची जी सोय सुरू केली, तिचीं विमानें गरज पडल्यास तेथें उतरतात. समजा, अशा ठिकाणीं नवऱ्याच्या छातींत कळ आली. विमान येईल, रोग्याला घेऊन जाईल. मागें रस्त्याच्या कडेला उरेल ती बाई, आणि दोन-अडीच टनांचें घर. तिला तें हांकतां येत असेल तर ती संध्याकाळपर्यंत पुढील मुक्काम गांठील. येत नसेल तर परक्याच्या दयेवर राहणें आलें. आणि दुर्दैवानें नवरा परतलाच नाहीं, तर वीस वर्षांच्या हौसेचें तें घर मिळेल त्या भावानें तेथेंच विकणें आलें.

म्हणून हल्लीं तेथें घर ओढण्याचे वर्ग निघाले आहेत, व त्यांतील कांहीं केवळ स्त्रियांसाठीं आहेत. नवरा शेजारीं बसलेला नसला कीं त्या लौकर शिकतात, असें म्हणतात. आम्हांस तें सहज पटतें. तेथें शिकवितात त्या गोष्टी साध्या आहेत. जड सामान आंसाच्या वर व खालच्या बाजूस ठेवावें. मोटारीच्या आंकड्यावर घराच्या वजनाचा सुमारें दहावा हिस्सा पडावा. वाऱ्यानें मागचें घर डोलूं लागलें तर मोटारीचा ब्रेक जोरानें न दाबतां घराचा निराळा ब्रेक हळूच लावावा. आणि मागें घेतांना हात स्टिअरिंगच्या तळाशीं धरावा, म्हणजे हात जिकडे जाईल तिकडेच घराची पाठ जाईल. ह्या शेवटच्या एका युक्तीनें कित्येक तळांवरील करमणूक बंद पडली असेल.

आमच्या वाचकांच्या घरीं चाकें नाहींत. पण बँकेच्या पेटीची किल्ली कोठें आहे, विम्याचा हप्ता केव्हां भरावयाचा, फोनवरून पैसे कसे पाठवावयाचे, हें किती घरांतून एकट्या पुरुषासच ठाऊक असतें! आणि रक्तदाबाची गोळी कोणत्या डब्यांत आहे, कुकरला किती पाणी लागतें, मोलकरणीचा पगार किती, हें किती घरांतून एकट्या बाईस! एकत्र कुटुंबांत ही उणीव झांकून जाते. दीर आहे, पुतण्या आहे, सून आहे. परंतु मुलें पुण्याहून मेलबर्नला गेलीं व घरांत दोघेंच उरलीं, म्हणजे आपलेंही बिऱ्हाड नलारबॉरच्या मैदानावरच उभें असतें, आणि विमान उतरण्यास तेथें पट्टेही आंखलेले नसतात.

कित्येक जोडप्यांनीं तिकडे एक साधी वहिवाट ठेविली आहे. प्रकृति उत्तम असतांनाही एक दिवस त्यानें हांकावयाचें व एक दिवस तिनें. आणि ती हांकील त्या दिवशीं स्वयंपाक त्याचा. त्या रात्रीं जेवण कसें होतें, ह्याविषयीं मात्र बायका फारसें बोलत नाहींत.