वायफाय दिसत नाही? लॅपटॉप भंगारात देऊ नका

गेल्या अंकात जुन्या लॅपटॉपवर उबुंटू किंवा मिंट हे मोफत लिनक्स बसवण्याविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या प्रश्नांत एक वारंवार आहे : "सर, सगळे बसले, पण वायफायच दिसत नाही. दुकानदार म्हणतो कार्ड गेले."

बहुतेक वेळा कार्ड गेलेले नसते. दुकानदाराचा पुढचा सल्ला असतो, "थोडे पैसे द्या, विंडोज टाकून देतो." ती विंडोज कोणत्या परवान्याची, हे आपण विचारत नाही आणि तो सांगत नाही. शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी न विचारता घेऊ नये असे मुलांना शिकवणाऱ्या घरात चोरीचे सॉफ्टवेअर निवांत चालते, हे मला खटकते. शिवाय विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ बऱ्याच जुन्या लॅपटॉपवर बसत नाही. म्हणजे तो मार्गही फार लांब जाणारा नाही. इकडे मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज मोबाइलच्या इवल्या पडद्यावर भरला जातो आणि लॅपटॉप कपाटावर धूळ खातो.

आधी सर्वात साधी गोष्ट पाहा. जुन्या लॅपटॉपच्या कडेला किंवा पुढच्या बाजूला वायफायचे छोटे सरकते बटण असते. काहींत एफएन आणि वरच्या रांगेतील एखादी कळ एकत्र दाबावी लागते. ते बंद असेल तर कोणतेही सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. खात्री करायची असेल तर टर्मिनल उघडून 'आरएफकिल लिस्ट' असे इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करा. 'हार्ड ब्लॉक्ड' पुढे यस आले तर दोष बटणाचा. 'सॉफ्ट ब्लॉक्ड' पुढे यस आले तर 'आरएफकिल अनब्लॉक ऑल' या आज्ञेने काम होते.

तरीही वायफाय नसेल तर कार्ड कोणत्या कंपनीचे आहे ते शोधायचे. लॅपटॉपवरचे नाव इथे कामाचे नाही. डेलच्या लॅपटॉपमध्ये इंटेलचे कार्ड असते, ब्रॉडकॉमचेही असते. टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय' ही पाच अक्षरे टाइप करा. येणाऱ्या यादीत 'इथरनेट कंट्रोलर' ही ओळ तारेच्या कार्डाची आणि 'नेटवर्क कंट्रोलर' ही बहुधा वायफायची. ती ओळ वहीत उतरवून घ्या. कुणाला मदत मागायची झाली तर "वायफाय चालत नाही" या वाक्यापेक्षा ती एक ओळ शंभरपट उपयोगी पडते.

इंटेलची कार्डे सहसा आपोआप चालतात. अथेरॉसची जुनी कार्डेही गरीब स्वभावाची. त्रास देते ते मुख्यतः ब्रॉडकॉम. कार्डाला जागे करणारी जी फाइल लागते, तिला फर्मवेअर म्हणतात. ब्रॉडकॉमच्या अनेक जुन्या कार्डांची ही फाइल किंवा ड्रायव्हर कंपनीच्या मालकीचा असल्याने तो वेगळा बसवावा लागतो. उबुंटूत 'ॲडिशनल ड्रायव्हर्स' आणि मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा, ब्रॉडकॉमचा पर्याय निवडा, लागू करा.

आता खरी गंमत. ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा! यावर तोडगा घरातच आहे. अँड्रॉइड मोबाइल चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. लॅपटॉपला तो तारेचे नेटवर्क वाटतो आणि इंटरनेट सुरू होते. केबल मात्र डेटा नेणारी हवी; काही स्वस्त केबली फक्त चार्ज करतात. मोबाइल घरच्या वायफायला जोडलेला असेल तर डेटा पॅकही खर्च होत नाही. राउटर जवळ असेल तर लॅनची केबल त्याहून सोपी.

ड्रायव्हर बसवताना कधी एक पासवर्ड ठरवायला सांगितले जाते. लॅपटॉपमध्ये 'सिक्युअर बूट' चालू असले की असे होते. पुन्हा सुरू करताना निळा पडदा येतो, तिथे 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाईत पुढे गेलात तर ड्रायव्हर बसूनही वायफाय येत नाही, आणि लोक पुन्हा दुकानाकडे वळतात.

एक वेगळा प्रकारही आहे. शेजाऱ्यांची सगळी नेटवर्के दिसतात, आपलेच दिसत नाही. तिथे कार्ड किंवा लिनक्स दोषी नाही. नवे राउटर दोन पट्ट्यांवर चालतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. जुनी बरीच कार्डे फक्त पहिली ओळखतात. राउटरमध्ये २.४ ची पट्टी चालू करा.

कार्ड खरोखरच मेले असेल तर यूएसबीला लावायचे छोटे वायफाय मिळते. ते घेताना दुकानदाराला "लिनक्सवर चालते का" एवढेच न विचारता आतली चिप कोणती ते विचारा. मीडियाटेकच्या काही चिपांचे ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासून असतात. रिअलटेकच्या काहींसाठी मात्र बराच खटाटोप करावा लागतो. आणि जुना लॅपटॉप विकत घेणार असाल, तर उबुंटूचा पेनड्राइव्ह खिशात घेऊन जा. न बसवता चालवून पाहण्याची सोय त्यात आहे. दुकानातच वायफाय लागले, तर मगच पैसे मोजा.

पुढच्या अंकात, इन्शाअल्लाह, याच लॅपटॉपवर मराठी आणि उर्दू दोन्ही कीबोर्ड कसे लावायचे ते पाहू. आपल्या कार्डाची ओळ लिहून पाठवलीत तर उत्तर देणे मला सोपे जाईल.