पुडीवरचे चित्र कोणी अडवले?

पुढे वाचण्याआधी एक काम करा. घरात तंबाखूची पुडी, बिडीचे बंडल किंवा सिगारेटचे पाकीट असेल तर ते समोर ठेवा. आपल्या घरात नसेल तर शेजारी नक्की मिळेल. त्यावर एक किळस आणणारे चित्र दिसेल आणि खाली इशारा दिसेल. नियम असा आहे की पाकिटाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचा 85 टक्के भाग या चित्राने आणि इशाऱ्याने व्यापला पाहिजे.

ते चित्र आता आपल्या सवयीचे झाले आहे. पण एवढे मोठे चित्र 1 एप्रिल 2015 रोजी येणार होते. आले ते 1 एप्रिल 2016 रोजी. मधले एक वर्ष कुठे गेले? आजचा लेख त्या एका वर्षाबद्दल आहे.

आरोग्याच्या पानावर राजकारण कशाला, असे कोणी म्हणेल. तंबाखूचा विषय निघाला की आपल्या वस्तीत बोट कोणाकडे जाते ते आठवा. ज्याच्या गालात पुडी आहे त्याच्याकडे. घरची बाई त्याला बोलते, विहारात त्याला समजावतात, डॉक्टर त्याला रागावतात. मिसरी लावणाऱ्या आजीला नातवंडे चिडवतात. दोष सगळा खाणाऱ्याचा. हे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे खरे आपल्या गल्लीत घडत नाही, म्हणून आपल्याला दिसत नाही.

आता ते वर्ष पाहू. 85 टक्के चित्राची अधिसूचना केंद्र सरकारने ऑक्टोबर 2014 मध्ये काढली. नियम लागू व्हायला थोडे दिवस उरले असताना, मार्च 2015 मध्ये, खासदारांच्या एका समितीने सांगितले की घाई करू नका, थांबा. समितीचे अध्यक्ष आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातले होते, अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी. तंबाखूने कर्करोग होतो हे सांगणारे अभ्यास परदेशातले आहेत, भारतात तसे सर्वेक्षण झालेले नाही, असे त्यांचे म्हणणे तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत आले. याच समितीत अलाहाबादचे खासदार श्यामाचरण गुप्ता होते. त्यांच्या घराचा धंदाच बिडीचा. बिडीच्या बंडलावर केवढे चित्र असावे याची चर्चा चालली होती आणि चर्चेला बिडीचे मालक बसले होते. नियम पुढे ढकलला गेला.

दिवस लक्षात घ्या. त्याच्या महिनाभर आधी, 16 फेब्रुवारी 2015 रोजी, आर. आर. पाटील तोंडाच्या कर्करोगाने गेले. सगळा महाराष्ट्र त्यांना आबा म्हणायचा. राज्याचा गृहमंत्री राहिलेला माणूस तंबाखूने गेला, त्याचे दुःख ताजे होते. त्याच महाराष्ट्रातल्या खासदारांच्या अध्यक्षतेखाली समिती म्हणत होती की पुरावा पुरेसा नाही.

गांधी आणि गुप्ता दोघेही आज हयात नाहीत. त्यांच्यावर राग काढण्यासाठी हे लिहीत नाही. माणसे बदलतात, खुर्ची तीच राहते आणि त्या खुर्चीपर्यंत पोचणारी वाटही तीच राहते. त्या वाटेला इंग्रजीत लॉबी म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर, नियम होण्याआधीच नियम करणाऱ्याच्या कानाशी लागणे. कोर्टात जाणे वेगळे. तिथे दोन्ही बाजू उघडपणे मांडल्या जातात, निकाल लेखी मिळतो. कानाशी लागलेले मात्र कुठे लिहिलेले नसते.

"पुरावा पुरेसा नाही" हे वाक्य दिल्लीत जन्मले नाही. त्याचे वय सत्तर वर्षांपेक्षा जास्त आहे. 15 डिसेंबर 1953 रोजी अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात जमले. सिगारेट आणि कर्करोगाचा संबंध दाखवणारे संशोधन तेव्हा बाहेर येऊ लागले होते. या मालकांनी डॉक्टरांकडे धाव घेतली नाही. त्यांनी हिल अँड नोल्टन नावाची जनसंपर्क कंपनी हाताशी धरली. 4 जानेवारी 1954 रोजी चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत त्यांची जाहिरात झळकली. लोकांचे आरोग्य आम्हाला सर्वात महत्त्वाचे आहे, आम्ही स्वतः संशोधनाला पैसा देऊ, असा तिचा सूर होता. मग कंपन्यांच्या पैशावर संशोधन समिती उभी राहिली. "अजून खात्री नाही, आणखी अभ्यास हवा" असे म्हणणारे तज्ज्ञ तिच्याभोवती जमवले गेले. अशी पन्नास वर्षे गेली. 2006 साली अमेरिकेतल्या न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी निकाल दिला की या कंपन्यांनी लोकांना दशकानुदशके फसवले.

यातली युक्ती ओळखून ठेवा. लॉबीला खोटे सिद्ध करावे लागत नाही. तिला शंका पेरली की पुरते. शंका असेपर्यंत नियम थांबतो आणि नियम थांबेपर्यंत माल खपतो.

आता भारतात पुरावा नव्हता का? होता, आणि तो आपल्यासारख्याच लोकांच्या घरी जाऊन गोळा केलेला होता. 1991 पासून मुंबईत एक मोठा अभ्यास झाला. पस्तीस वर्षांवरच्या सुमारे दीड लाख माणसांची तंबाखूची सवय नोंदवली आणि पुढे कोण जगले, कोण गेले याचा माग ठेवला. ही माणसे निवडली कुठून? मतदार यादीतून. श्रीमंतांच्या इमारती वगळाव्या लागल्या, कारण तिथे सर्वेक्षकांना आत सोडत नसत. म्हणजे हा अभ्यास चाळीतल्या आणि साध्या घरांतल्या मतदारांचा झाला. तंबाखू वापरणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण जास्त निघाले. डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे निष्कर्ष 2015 च्या कितीतरी आधी छापले होते. आपल्याच मतदार यादीतल्या माणसांनी पुरावा दिला आणि त्याच यादीच्या मतांवर निवडून गेलेल्यांनी पुरावा नाही म्हटले.

लॉबीचे दुसरे हत्यार आपल्याला जास्त बोचते. नियम कडक केला की बिडी कामगार उपाशी मरतील, असे ती म्हणते. बिडी वळणाऱ्यांत गरीब बायका फार आहेत, त्यांची चिंता खरी आहे, ती कोणी हसण्यावारी नेऊ नये. पण त्यांच्या नावाने बोलतो कोण? आपण ज्यांच्यामुळे "जयभीम" म्हणू लागलो ते कामठीचे बाबू हरदास एल. एन. बिडी मजुरांचे पुढारी होते. त्यांनी मजुरांना संघटित केले, मालकांविरुद्ध उभे केले. 1937 मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाकडून ते निवडून आले आणि 1939 मध्ये क्षयाने गेले. पस्तिशी नुकतीच पूर्ण झाली होती. मजुरांसाठी बोलणे म्हणजे काय ते त्यांच्याकडून शिकावे. मजुरी वाढवा, आजारपणाची सोय करा, दुसरे काम द्या, असे मालकांच्या लॉबीने किती वेळा मागितले? मजूर तिला आठवतो तो फक्त पाकिटावरचे चित्र मोठे होते तेव्हा.

तिसरी वाट जाहिरातीची. महाराष्ट्राने 2002 मध्ये गुटखा बंद केला. कंपन्या कोर्टात गेल्या आणि 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की तेव्हाच्या कायद्याखाली राज्याला तसा अधिकार नाही. पुढे नवा अन्नसुरक्षा कायदा आला आणि जुलै 2012 मध्ये राज्याने गुटखा आणि पानमसाला पुन्हा बंद केला. मग काय झाले ते टपरीवर उभे राहणाऱ्याला सांगायला नको. मसाल्याची एक पुडी, तंबाखूची दुसरी, घ्यायच्या दोन आणि मिसळायच्या तळहातावर. तंबाखूच्या जाहिरातीला कायद्याने मनाई आहे, म्हणून टीव्हीवर बडे नट वेलची खाताना दिसतात. एप्रिल 2022 मध्ये अक्षय कुमार यांनी विमल इलायचीच्या जाहिरातीबद्दल लोकांची माफी मागितली आणि त्यातून अंग काढून घेतले. म्हणजे वेलचीच्या आड काय आहे ते सगळ्यांना ठाऊक होते. आपल्या दहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक आहे. वेलचीचे नाव आणि पुडीचे नाव एकच असते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

आणि सरकार? एकीकडे सरकार चित्र छापायला लावते, दुसरीकडे सरकारी एलआयसीकडे सिगारेट करणाऱ्या आयटीसीचे मोठे भागभांडवल आहे. कर्करोगाने गेलेले माजी मंत्री सतीश पेडणेकर यांच्या पत्नी सुमित्रा पेडणेकर आणि इतरांनी याविरुद्ध 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी एलआयसीचा हप्ता जातो. जीव सांभाळायला भरलेला पैसा सिगारेटच्या धंद्यात गुंतलेला, हे निदान माहीत तरी असावे.

पक्षांना पैसा कोण देतो हेही आपल्यापासून झाकून ठेवले होते. 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे रद्द केले आणि सांगितले की पक्षाला पैसा कुठून येतो हे जाणण्याचा मतदाराला अधिकार आहे. बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बजावले होते की राजकारणात आपण प्रत्येकाला एक मत आणि प्रत्येक मताला एक मूल्य देणार आहोत, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता तशीच राहणार आहे. ही विसंगती लोकशाहीला धोका आहे. लॉबी म्हणजे त्या विसंगतीचे रोजचे काम. मत भीमनगरचे असो की भावसिंगपुऱ्याचे, मोजताना एकच मोजतात. पण मतदानानंतरची पाच वर्षे कानाशी कोण बसते, याची मोजदाद कुठेच होत नाही.

2016-17 च्या सरकारी सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 24.4 टक्के प्रौढ न ओढता वापरायची तंबाखू घेत होते. म्हणजे चौघांत जवळपास एक. यातले किती जण आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाच्या रांगेत उभे राहतात ते आपण पाहतो. मराठवाड्याच्या गावागावातून एसटीने आलेली माणसे, तोंडाला रुमाल, हातात फायलीची पिशवी. सोबत आलेल्याची रोजची मजुरी बुडालेली. त्या रांगेतल्या माणसाला "तुझीच चूक" म्हणणे सोपे आहे. ज्यांनी वर्षभर चित्र अडवले त्यांना रांगेत उभे राहावे लागत नाही.

मग आपण काय करायचे? तीन गोष्टी आपल्या हातात आहेत.

पहिली, प्रश्न विचारायचा. निवडणूक कोणतीही असो, वस्तीत आलेल्या उमेदवाराला रस्त्यानळासोबत हेही विचारा: तुमचा किंवा तुमच्या घरच्यांचा तंबाखू, गुटखा, दारूचा धंदा आहे का? अशा धंदेवाल्याकडून तुम्ही पैसा घेतला का? प्रश्न सभेत, चारचौघांत विचारा. आणि तो आपल्या समाजाच्या उमेदवारालाही विचारा. जयंतीच्या कमानीवर कोणाचे नाव झळकते, वर्गणीचा मोठा आकडा कोणाचा, हेही मंडळाने स्वतःला विचारावे.

दुसरी, कायदा वापरायचा. शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला ती कुठेच विकता येत नाही. गुटख्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे आणि पोलिसांकडे करता येते. एकट्याने गेले तर टपरीवाल्याशी भांडण होते. महिला मंडळाने लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली तर अर्जाला वजन येते. टपरीवालाही आपल्यातलाच गरीब असतो, हे मात्र विसरू नका. आधी त्याच्याशी बोला.

तिसरी, तोंड तपासायचे. आरशासमोर उजेडात उभे राहा. गालात, जिभेखाली पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही का? तिखट लागले की आग होते का? आपलीच तीन बोटे उभी करून तोंडात जातात का? नसतील जात तर तोंड आखडत चालले आहे. यातले एकही लक्षण असेल तर घाटीच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका, सुरुवातीला दुखतच नाही. सोडायचे मनात असेल तर 1800112356 या क्रमांकावर फुकट मदत मिळते. हा क्रमांक पाकिटावरच छापलेला आहे. माव्याच्या प्लास्टिकवर मात्र ना चित्र असते ना क्रमांक, म्हणून तो वहीत लिहून ठेवा.

सोडणाऱ्याला शरमिंदा करू नका, साथ द्या. त्याच्याशी लढणारा फक्त त्याचा मोह नाही. त्याच्यासमोर जाहिरातवाले आहेत, भाडोत्री तज्ज्ञ आहेत, समितीतले मालक आहेत. एवढी फौज एका माणसावर सोडली असेल तर त्याच्या बाजूने निदान त्याची वस्ती उभी असावी.

जयभीम.