धम्म आणि तराजू

गोदाकाठच्या शहागडात दुकान थाटणाऱ्या बौद्ध बांधवांना आमचे एकच सांगणे आहे. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत चोरी न करण्याची, खोटे न बोलण्याची व दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. मापात मारणे ही चोरीच. भेसळीचा माल शुद्ध म्हणून विकणे हे असत्यच. जी दारू आपणांस वर्ज्य, ती दुसऱ्यास विकून धन जोडणे कोणत्या धम्मात बसते? भगवान बुद्धांनी उपासकास शस्त्र, प्राणी, मांस, मद्य व विष यांचा व्यापार निषिद्ध ठरविला आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या वाडवडिलांची मजुरी बुडविली गेली. आपल्या दुकानातील नोकराची मजुरी आपल्या हातून बुडता कामा नये. दीक्षा एका दिवसात घेता येते. तिची परीक्षा रोज तराजूपाशी होते!