गाणे कुणाचे, नाव कुणाचे?

युरोपियन लोक आणि ठिकठिकाणचे मूळ रहिवासी यांच्या 'पहिल्या भेटी'ची वर्णने इतिहासाच्या पुस्तकांत आपण सर्वांनी वाचली आहेत. १४९२ मध्ये कोलंबस एका बेटावर उतरला. १७७० मध्ये कॅप्टन कूक ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याला लागला. अशा भेटीचा वृत्तांत बहुधा गलबतावरून आलेला मनुष्य लिहितो. किनाऱ्यावर उभा असलेला मनुष्य त्यात असतो खरा, पण बहुतेक वेळा बिननावाचा. वर्गात हे प्रकरण शिकताना ते फार दूरचे वाटते. माझे म्हणणे असे की, अशीच एक भेट आपल्या नागपूर मुलखात झाली आहे, तिचा हिशेब अजून बाकी आहे, आणि तो पुरा करण्याचे थोडे काम आपल्या वाट्याला आलेले आहे.

नागपूर शहर वसविले ते देवगडच्या बख्त बुलंद शाह या गोंड राजाने, अठराव्या शतकाच्या आरंभी. पुढे भोसले आले आणि त्यांच्यामागून इंग्रज. इंग्रजांचे पहिले पाऊल तोफेचे नव्हते, मोजणीचे होते. १७९५ मध्ये कॅप्टन ब्लंट नावाचा अधिकारी चुनारगडाहून निघून गोंडांच्या रानांतून दक्षिणेस गोदावरीकडील मुलखापर्यंत वाट शोधीत गेला. १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. नकाशा आधी, फौज मागाहून आणि कायदा शेवटी, असा हा क्रम आहे.

या क्रमाला चांदा भागात एका तरुणाने अडविले. बाबुराव पुल्लेसूर शेडमाके हे मोलमपल्लीचे जमीनदार. १८५८ मध्ये त्यांनी गोंड तरुणांची फौज उभारून इंग्रजांशी सामना केला. त्याच वर्षी २९ एप्रिलला चिंचगुंडी येथे तारायंत्र खात्याच्या तळावर हल्ला झाला. गार्टलंड आणि हॉल हे दोघे इंग्रज त्यात मारले गेले. अखेर बाबुराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. वय अवघे पंचवीस; म्हणजे आपल्याहून पाचसहा वर्षांनीच मोठे. २००९ मध्ये त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले. पण सत्तावन्नचा उठाव म्हटला की आपल्या ओठी मीरत, कानपूर आणि झाशी येते. चांदा येत नाही.

परंतु माझे मन घोटाळते ते लढाईपेक्षा दुसऱ्याच एका भेटीपाशी. स्कॉटलंडहून आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ पासून नागपुरात राहिले. ते दगड गोळा करीत, जीवाश्म गोळा करीत. एका खनिजाला त्यांचे नाव मिळाले आहे. त्याचप्रमाणे त्यांनी गोंडांची माहिती आणि गाणीही गोळा केली. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा अंत झाला. त्यांचे कागद मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेम्पल यांनी १८६६ मध्ये छापले. त्यात लिंगोचे दीर्घ गीत आहे. गुहेत कोंडलेल्या गोंडांना सोडविणारा हा लिंगो. ती गुहा म्हणजे सालेकसा तालुक्यातील कचारगड, अशी श्रद्धा असून माघ पौर्णिमेला तेथे मोठी यात्रा भरते.

हे गीत एका परधानाने सांगितले. परधान म्हणजे गोंडांचे परंपरागत गायक. पिढ्यान् पिढ्या मुखोद्गत राहिलेले ते गीत त्याने गायिले म्हणून कागदावर उतरले. आज हिस्लॉप यांच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात आहे, टेम्पल यांचे नाव इतिहासात आहे. गाणारा मात्र 'एक परधान' एवढाच उरला. ज्याच्याजवळ सारे होते, त्याच्या वाट्याला नुसते जातीचे नाव यावे, ही कोणती वाटणी?

कुणी म्हणेल, हिस्लॉप नसते तर गीतच राहिले नसते. या म्हणण्यात तथ्य आहे. स्वतःच्या प्रकृतीची पर्वा न करता रानोमाळ हिंडणाऱ्या त्या मनुष्याबद्दल मला आदर आहे. पण ज्या वर्षांत साहेबांची लेखणी आमची गाणी उतरून घेत होती, त्याच वर्षांत साहेबांची दुसरी लेखणी आमची राने सरकारच्या नावे चढवीत होती. १८६५ चा आणि १८७८ चा जंगल कायदा ही त्या दुसऱ्या लेखणीची कामगिरी. ऑस्ट्रेलियात 'ही भूमी कोणाचीच नाही' असे मानून वसाहत झाली. तो समज खोटा होता, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये मान्य केले. आपल्याकडे गोरे लोक त्या प्रमाणात येऊन वसले नाहीत. ते सिव्हिल लाइन्समध्ये आणि कामठीच्या छावणीत राहिले. पण न वसताही रान घेता येते, हे त्यांनी दाखविले. आमच्या गावी आजीला सरपणाच्या मोळीसाठी नाकेदाराला कोंबडी द्यावी लागत असे. रान आपलेच, तर कोंबडी कशाची, हा प्रश्न तिला कधी विचारता आला नाही. तो विचारण्याचे बळ २००६ च्या वनहक्क कायद्याने दिले. 'ऐतिहासिक अन्याय' हा शब्द त्या कायद्यातच आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्क मिळविला.

रान परत मिळविण्याची वाट अशी उघडली आहे. गाण्यांचे काय? ती परत मिळविण्यास कायद्याची गरज नाही. वही आणि पेन्सिल पुरे. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे जवळजवळ ३० लाख लोक होते. त्यांतील काही मुले-मुली आपल्या वर्गात बसतात आणि कुणी विचारल्याशिवाय आपली भाषा सांगत नाहीत. मी अहेरी तालुक्यातली. घरात सही करणारी पहिली. वसतिगृहात पहिले वर्षभर मीही फक्त मराठीतच बोलले. आता आजीची सात गाणी मी उतरवून घेतली आहेत. हे काम वाटते तितके सोपे नाही. मधेच थांबविले की ती पुन्हा पहिल्यापासून धरते. सावकाश सांग म्हटले तर म्हणते, गाणे कुठे सांगतात? लिहिणाऱ्यापुढे बसलेल्या त्या परधानाचे काय झाले असेल, हे मला त्यावरून थोडेसे कळले.

नागपूरचेच मोतीरावण कंगाली यांनी गोंडी भाषा आणि लिंगोची परंपरा यांवर आयुष्यभर लेखन केले. २०१५ मध्ये ते गेले. एकट्याने एवढे केले, तर शेकडो विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयास काय अशक्य आहे? माझी सूचना साधी आहे. गोंडी, माडिया, कोलामी, कोरकू, हलबी यांपैकी जी भाषा ज्याच्या घरी असेल, त्याने दिवाळीच्या सुटीत एक गाणे किंवा एक गोष्ट देवनागरीत उतरून आणावी, सोबत मराठी अर्थ द्यावा. या वार्षिकाची चार पाने त्यासाठी राखून ठेवावीत आणि इतिहास विभागाने मूळ वही ग्रंथालयात जपावी. मात्र तीन नियम पाळावेत. छापण्यापूर्वी सांगणाऱ्याची परवानगी घ्यावी, कारण काही गाणी देवापुढेच म्हणावयाची असतात. छापल्यावर अंक त्याच्या घरी नेऊन त्याला वाचून दाखवावा. आणि गाण्याच्या माथ्यावर सांगणाऱ्याचे नाव, गाव, तारीख पूर्ण लिहावी. उतरून घेणाऱ्याचे नाव खाली, लहान अक्षरांत असले तरी चालेल.