आरोग्यविचार : उपवास आणि मधुमेहाच्या गोळ्या

चातुर्मास आला कीं एकादशी, सोमवार, चतुर्थी, हरतालिका अशी उपवासांची मालिकाच आपल्या घरांतून सुरू होते. ज्या घरीं मधुमेही माणूस आहे तेथें या दिवसांत एक विचार अवश्य व्हावा : आहार बदलला असतां गोळी कालचीच कशी चालेल? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें देशांत मधुमेह्यांची संख्या १० कोटींवर आहे. तेव्हां हा प्रश्न एकट्यादुकट्या घराचा नव्हे.

‘मधुमेहाची गोळी’ असें आपण एकवचनीं म्हणतों. परंतु या गोळ्यांचे गुणधर्म निरनिराळे आहेत. बहुधा प्रथम दिली जाते ती मेटफॉर्मिन. यकृतांतून रक्तांत येणाऱ्या साखरेस ती आवर घालते. ती एकटीच घेतली असतां साखर धोक्याच्या पातळीखालीं सहसा जात नाहीं. मात्र दीर्घकाळ घेतल्यास शरीरांतील ब-१२ जीवनसत्त्व घटूं शकतें. शाकाहारी कुटुंबांत तें पुष्कळदां आधींच बेताचें असतें, म्हणून त्याची तपासणी करून घ्यावी.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांची जात वेगळी. पोटांत अन्न असो वा नसो, त्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडावयास लावतात. या वर्गाचा शोधच मुळीं एका संकटांतून लागला. १९४२ सालीं फ्रान्समधील माँपेलिए येथें विषमज्वराच्या रोग्यांना एक सल्फा औषध देत असतां कांहींची साखर एकाएकीं घसरली. त्यांतूनच पुढें या गोळ्या निघाल्या. उपवासाच्या दिवशीं खरी भीति यांची, आणि इन्शुलिनच्या टोचणीची. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या नव्या गोळ्या साखर मूत्रावाटें बाहेर टाकतात. हृदय व मूत्रपिंड यांना त्या हितकर ठरल्या आहेत. परंतु निर्जळी उपवासांत त्यांच्यामुळें शरीरांतील पाणी आटण्याचा व रक्तांत आम्लता वाढण्याचा धोका असतो. उलट फराळाची साबूदाण्याची खिचडी, रताळीं आणि आपल्या खानदेशचीं केळीं साखर भराभर चढवितात.

हातपाय थरथरणें, घाम सुटणें, बोलणें असंबद्ध होणें हीं साखर उतरल्याचीं लक्षणें होत. साखर ७० मिलिग्रॅमच्या खालीं आढळल्यास तीन चमचे साखर पाण्यांतून द्यावी व १५ मिनिटांनीं पुन्हां तपासावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडांत कांहींही न घालतां तत्काळ दवाखाना गांठावा. पहूरसारख्या गांवाहून जळगांवचें मोठें रुग्णालय गांठण्यांत मोलाचा वेळ जातो. म्हणून हा प्रथमोपचार घरांतील प्रत्येकास ठाऊक असावा.

कित्येक वडीलधारीं माणसें व्रत मोडेल म्हणून ही साखरहि नाकारतात. त्यांना सांगावें कीं पाणी, फळ, दूध आणि औषध यांनीं व्रतभंग होत नाहीं, असें धर्मशास्त्रच म्हणतें. आणि अशा वेळीं साखर हेंच औषध होय. स्वतःच्या मनानें गोळी सोडूं नये, जावेची वा दिराची गोळी घेऊं नये. उपवासापूर्वीं आठ दिवस डॉक्टरांना विचारून कोणती गोळी किती घ्यावी तें ठरवावें, व तो कागद देवघराशेजारीं सर्वांना दिसेल असा लावून ठेवावा.