मोर्तब पाहून घ्यावे

ज्यांच्या घरी जुनी दप्तरे आहेत, त्यांना मोर्तबाचे महत्त्व सांगावयास नको. मजकूर संपला की तेथेच हा शिक्का उमटे. पुढे कोणी काही वाढविले तर ते खोटे ठरे. आज बँकेच्या नावाने ईमेल येतो, ‘खाते बंद होईल, त्वरित माहिती भरा’ असे बजावतो, आणि आपण वरचे नाव पाहूनच विश्वासतो. घात होतो तो येथेच. नाव कोणीही धारण करील. परीक्षा शेवटाची करावी.

रिझर्व्ह बँकेने २०२५ साली बँकांना आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबरपर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाच्या पत्त्यावर नेण्यास सांगितले. हा शेवट बँकांसाठीच राखलेला आहे. आरंभी बँकेचे नाव आणि शेवटी भलतेच काही दिसले, तर तोतया समजावा. पाठविणाऱ्याचा पत्ताही बनावट असू शकतो. म्हणून दुवा न दाबता बँकेचा पत्ता स्वतः लिहावा. पासवर्ड व ओटीपी खरी बँकही मागत नाही.

फसगत झालीच, तर घराण्याच्या अब्रूस भिऊन गप्प बसू नये. तत्काळ बँकेस व १९३० या क्रमांकावर कळवावे. पैसा हातोहात पुढच्या खात्यांत जातो. संकोचात गेलेली घटका चोराच्याच पथ्यावर पडते.